इंजिन बदलल्यावर पिकअप घाटात तापते, तेव्हा हेड खोलायच्या आधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. २००६ सालची डिझेल पिकअप, देवगडहून हापूसच्या पेट्या भरून फोंडा घाटाने कोल्हापूरला येते. जुन्या इंजिनाचं लायनर (सिलिंडरच्या आतली बाही) गेलं म्हणून त्याच जातीचं, पण टर्बोवालं, एका प्रवासी गाडीतलं जुनं इंजिन बाजारातून आणून बसवलं. तेव्हापासून रिकामी गाडी ठीक, महामार्गावर ठीक. भरलेली गाडी घाटाला लागली की चार-पाच वळणांत काटा लाल पट्ट्यात. वर थांबून बंद केली की बाटलीतून पाणी बाहेर. रेडिएटरला नवा कोर (आतली नळ्यांची जाळी) घातला, वॉटर बॉडी म्हणजे पाण्याचा पंप नवा टाकला, मिस्त्रीने थर्मोस्टॅट (तापमानानुसार पाण्याचा रस्ता उघडणारी झडप) काढून टाकला. अठरा हजार गेले, फरक काही नाही. आता मिस्त्री म्हणतो हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, खोलू. खोलायचं का?

इतक्यात नको. हेड गेलेलं असूही शकतं, ते मी नाकारत नाही. पण ते न खोलता तपासता येतं, आणि त्याआधी बघण्यासारखं बरंच आहे. मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात २६ वर्षं इंजिनं उतरवतो आणि चढवतो. तरी तुमची गाडी माझ्यासमोर नाही, त्यामुळे खालचं काही तुम्हाला लागू पडेल, काही नाही. फॅन कुठला बसवलाय, त्याच्याभोवतीचं कव्हर म्हणजे काऊल आहे की नाही, पुली जुन्या इंजिनाची की नव्या, हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि बरंचसं त्यावरच अवलंबून आहे.

एक फरक आधी ध्यानात घ्या. जन्मापासून एकच इंजिन असलेली गाडी तापायला लागली तर काहीतरी झिजलंय, चोक झालंय किंवा फाटलंय. ते शोधायचं आणि बदलायचं. इंजिन बदललेल्या गाडीत सगळे पार्ट धडधाकट असूनही गाडी तापते, कारण त्यांची सोयरीक जुळलेली नसते. फॅन एका गाडीचा, रेडिएटर दुसऱ्या गाडीचा, होज (पाण्याची रबरी नळी) दुकानात जो मिळाला तो. म्हणून अशा गाडीत नवे पार्ट घालत सुटलं की पैसे जातात आणि काटा जिथल्या तिथे राहतो. तुमच्याकडे हेच झालंय असं मला वाटतं.

काट्यावर विश्वास किती ठेवायचा, ते पहिलं. नव्या इंजिनाबरोबर आलेला टेंपरेचर सेन्सर आणि तुमच्या डॅशबोर्डचा जुना मीटर एकमेकांसाठी बनलेले नसतील तर ९० अंशांलाही काटा लाल दाखवू शकतो. दुसरी गंमत अर्थिंगची. इंजिन उतरवताना ब्लॉक आणि बॉडी जोडणारी विणलेली पट्टी काढतात, आणि चढवताना ती टूलबॉक्सच्या तळाशीच राहते. सेन्सर तापला की त्याचा रोध कमी होतो, करंट जास्त जातो, काटा चढतो. अर्थिंग कच्चं असलं की दिवे लावल्यावर बॉडीतून अल्टरनेटरकडे परतणारा करंट अडतो, बॉडीच्या मानाने ब्लॉकचा व्होल्टेज खाली सरकतो आणि मीटरला वाटतं सेन्सरच तापला. हे मी माझी फजिती करून घेऊन शिकलो. दुधाची एक व्हॅन पहाटे तापते, दुपारी तापत नाही, अशी तक्रार होती. मी हेड खोललं, फेसिंग करून म्हणजे मशीनवर सपाट करून आणलं, हेड आणि ब्लॉकमधलं गॅस्केट नवं टाकलं. चौथ्या दिवशी ड्रायव्हर परत आला आणि म्हणाला, "लाईट लावली की काटा चढतोय साहेब." दोनशे रुपयांच्या पट्टीसाठी मी हेड खोललं होतं. ती मजुरी मी घेतली नाही.

तपासायला सोपं आहे. इंजिन चालू, दिवे लावलेले, मल्टिमीटरची एक सुई ब्लॉकवर आणि दुसरी बॉडीच्या स्वच्छ केलेल्या लोखंडावर. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर पट्टी बदला. तुमच्या गाडीतून पाणी खरोखर बाहेर येतंय, म्हणजे सगळा दोष काट्याचा नसावा. पण किती तापते ते काट्यावरून ठरवू नका. हजारभर रुपयांचा बंदुकीसारखा इन्फ्रारेड थर्मामीटर घ्या. चकचकीत ॲल्युमिनियमवर तो आकडा कमी दाखवतो, म्हणून जिथे मोजायचं तिथे काळी इन्सुलेशन टेप चिकटवून तिच्यावर मोजा.

आता मुख्य गोष्ट. गाडी कधी तापते, यातच अर्धं निदान आहे. उभ्या गाडीत किंवा ट्रॅफिकमध्ये तापते आणि ८० च्या वेगाला थंड होते, तर वारा कमी पडतोय. वेग वाढला की तापते आणि उभी ठेवली की उतरते, तर पाणी कमी फिरतंय किंवा रेडिएटर अपुरा आहे. गार इंजिन सुरू केल्यावर पाच मिनिटांतच काटा वर, तर हवा अडकलीय किंवा कंप्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला गॅस, पाण्यात येतंय. तुमची गाडी महामार्गावर ठीक आहे. घाटात तुम्ही दुसऱ्या गियरला, २०-२५ च्या वेगाने, पूर्ण ॲक्सिलरेटर देऊन चढता. म्हणजे उष्णता सगळ्यात जास्त आणि समोरून येणारा वारा सगळ्यात कमी. त्यात फोंडा घाट पश्चिमेकडून पूर्वेला चढतो. एप्रिल-मे महिन्यात दुपारनंतर समुद्रावरचा वारा पाठीमागून येतो, म्हणजे गाडीच्या वेगाने जो काही वारा मिळायचा तोही कापला जातो. अशा वेळी गाडी एकट्या फॅनवर जगते.

म्हणून मी तुमच्या गाडीचं बॉनेट उघडलं तर पहिली नजर फॅनवर टाकेन. प्रवासी गाडीचं इंजिन पिकअपच्या चॅसीवर बसवताना फाउंडेशनच्या (इंजिन ज्यावर बसतं त्या आधारांच्या) जागा थोड्या हलतात, इंजिन इंच-दीड इंच मागे सरकतं. मग जुनी फॅन काऊल फॅनला लागते किंवा बसतच नाही, आणि मिस्त्री ती काढून कोपऱ्यात ठेवतो. "तिचं काय काम नसतंय" असं म्हणतो. तिचं फार काम असतं. काऊल नसली की फॅन रेडिएटरच्या जाळीतून वारा ओढण्याऐवजी स्वतःच्याच कडेची गरम हवा गोल-गोल फिरवत बसतो. मधल्या वर्तुळातून थोडा वारा येतो, चारही कोपरे बिनकामाचे. नवा कोर घातलात खरा, पण त्याचा अर्धा भाग काम करत नसेल.

हे घरी बघता येतं. इंजिन गरम करा आणि आयडलला ठेवा. पुढच्या जाळीवर वर्तमानपत्राचं एक पान धरून सोडा. मधे धरा, मग चारही कोपऱ्यांत. पान चिकटून राहिलं पाहिजे. मधे चिकटलं आणि कोपऱ्यात गळून पडलं तर कारण हाती लागलं समजा. (हे बाहेरून, जाळीच्या पुढून करायचं. फिरत्या फॅनजवळ कागद, रुमाल, हात काही न्यायचं नाही. माझ्या ओळखीतल्या एकाचं बोट असंच गेलंय.)

काऊल पुन्हा बसवायची तर नीट बसवा. पात्याची निम्मी रुंदी काऊलच्या आत आणि निम्मी बाहेर, पात्याचं टोक आणि कडा यांच्यात बोटभर फट. फट यापेक्षा कमी ठेवू नका, कारण इंजिन फाउंडेशनच्या रबरावर हलतं आणि खड्ड्यात चॅसी पिळते. जुनी बसत नसेल तर पत्र्याच्या कारागिराकडून नवी करून घ्या. फॅन जाळीपासून फार लांब पडत असेल तर वॉटर बॉडी आणि फॅन यांच्यात लेथवर करून घेतलेला ॲल्युमिनियमचा स्पेसर टाकतात, पण तो लांबलचक नको. फॅनचं वजन जितकं पुढे जाईल तितका वॉटर बॉडीच्या बेअरिंगवर ताण. इंचभर ठीक, तीन इंच नाही.

फॅन उलटा बसलाय का तेही बघा. उलटा बसवला तरी वारा त्याच दिशेला जातो, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही, पण जोर फार कमी होतो. इलेक्ट्रिक फॅन लावला असेल तर त्याची वायर उलटी जोडली की तो खरंच उलट दिशेला वारा मारतो. विस्कस फॅन (गरम झाल्यावरच जोरात फिरणारा) असेल तर गाडी चांगली तापवून इंजिन बंद करा, चावी काढा आणि फॅन हाताने फिरवून बघा. तापलेल्या अवस्थेत तो जड लागला पाहिजे. हलकाच फिरत राहिला तर विस्कस कपलिंग गेलंय. आणि पुली. क्रँकची पुली नव्या इंजिनाची आणि वॉटर बॉडीची जुन्या गाडीची, अशी जोडी जमली असेल तर दोन्हींचे व्यास मोजा आणि जुन्या जोडीशी ताडून बघा. वॉटर बॉडीची पुली मोठी असेल तर पंप आणि फॅन दोन्ही हळू फिरतात, आणि पार्ट नवा असून उपयोग होत नाही.

थर्मोस्टॅट परत बसवा. आपल्याकडे गाडी तापली की पहिला बळी त्याचाच जातो. बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅट दोन कामं करतो. गरम झाल्यावर रेडिएटरचा रस्ता उघडतो आणि त्याच वेळी बायपासचा रस्ता बंद करतो. तो काढला की बायपास कायमचा उघडा, आणि पाण्याचा एक हिस्सा रेडिएटरला वळसा घालून तसाच तापलेला इंजिनात परत. तुमच्या इंजिनात तसा बायपास आहे का ते हाउसिंग उघडून बघितल्यावर कळेल. थर्मोस्टॅटच्या खालच्या बाजूला चकती असेल आणि हाउसिंगच्या तळाला तिच्यासमोर भोक असेल, तर आहे. नवा थर्मोस्टॅट बसवण्याआधी पातेल्यात पाणी तापवून त्यात टाका. अंगावर ८२ लिहिलं असेल तर त्या आसपास उघडायला लागला पाहिजे.

आता ब्लॉककडे येतो. सगळ्यात जास्त दुर्लक्ष इथेच होतं. बाजारातलं इंजिन महिनोन्महिने पाणी काढून कोरडं पडलेलं असतं. आधीच्या मालकाने बोअरचं पाणी घातलेलं असेल तर वॉटर जॅकेटमध्ये, म्हणजे सिलिंडरभोवतीच्या पाण्याच्या पोकळीत, क्षार आणि गंज आधीच धरलेला. कोरडं झालं की त्या गंजाचे पापुद्रे सुटतात. तुम्ही नवं पाणी भरता, पंप ते पापुद्रे फिरवतो आणि नेऊन टाकतो तुमच्या नव्या कोरच्या बारीक नळ्यांत. नवा कोर दोन महिन्यांत चोक झालेला मी बघितलाय. गंजामुळे जाड गाळ मागच्या सिलिंडरभोवती, पंपापासून सगळ्यात लांब, बसतो. ब्लॉकच्या बाजूला ड्रेन प्लग असतो तो खोला. गार इंजिनात प्लग काढल्यावर पाण्याची धार यायला हवी. एकदा माझ्याकडे आलेल्या इंजिनाचा प्लग काढला तर थेंब नाही. बाजूची सायकलची तार घेऊन टोचलं, तार बोटभर आत गेली आणि अडकली. जोर लावला तेव्हा चहाच्या चोथ्यासारखा तपकिरी लगदा बाहेर आला, पाठोपाठ फस्सकन पाणी. मागचा सिलिंडर चिखलात बसून चालत होता. असं असेल तर थर्मोस्टॅट आणि दोन्ही होज काढून ब्लॉक उलट्या दिशेने धुवा, स्वच्छ पाणी येईपर्यंत. रेडिएटर वेगळा धुवा, ब्लॉकमधला गाळ त्यात ढकलू नका. नंतर बोअरचं नाही, डिमिनरलाइज्ड (क्षार काढलेलं) पाणी आणि कूलंट अर्धं-अर्धं.

पाणी नीट फिरतंय का हे थर्मामीटर सांगतो. घाटात तापली की बाजूला घ्या, इंजिन चालूच ठेवा, आणि लगेच रेडिएटरच्या वरच्या टाकीचं आणि खालच्या टाकीचं तापमान मोजा. दोन्ही तापलेल्या आणि फरक जेमतेम चार-पाच अंशांचा असेल तर पाणी धावतंय पण वारा त्याची उष्णता नेत नाहीये. वरची ११० आणि खालची ८० असं काही दिसलं तर रेडिएटर गार करतोय पण पाणी रेंगाळतंय. मग चोक, बायपास, पुली, किंवा खालचा होज. खालच्या होजमध्ये पंप ओढतो. होज मऊ असेल आणि आतली स्प्रिंग नसेल तर रेस वाढवल्यावर तो चपटा होतो. गाडी उभी करून कोणाला तरी रेस द्यायला सांगा आणि होजकडे बघा.

मग हेड गॅस्केट. बाजारात आलेलं चांगलं इंजिन बघितलं की मी स्वतःला विचारतो, हे इथे आलं कशाला? अपघातातल्या गाडीचं असेल तर भाग्य. पण बऱ्याचदा ते आधीच्या मालकाकडे तापलेलं असतं, हेड वाकलेलं असतं, वरून रंग मारून चकचकीत केलेलं. म्हणून तुमच्या मिस्त्रीची शंका चुकीची नाही, घाई चुकीची आहे. रात्रभर उभी राहिलेली गार गाडी घ्या. कॅप काढा, पाणी तोंडापर्यंत भरा, कॅप उघडी ठेवूनच इंजिन सुरू करा. पहिल्या एक-दोन मिनिटांत थोडे बुडबुडे येऊन थांबले तर अडकलेली हवा होती. न थांबता बारीक बुडबुड्यांची माळ येत राहिली आणि रेस दिल्यावर वाढली तर कंप्रेशन पाण्यात येतंय. दुसऱ्या गार सकाळी कॅप लावून सुरू करा आणि वरचा होज दाबून बघा. पाणी कोमट व्हायच्या आतच होज दगडासारखा घट्ट झाला, तर तो दाब वाफेचा असूच शकत नाही, सिलिंडरमधला आहे. मग हेड खोला. खोललंत तर सरळ पट्टी आणि फिलर गेजने सपाटी तपासा. ०.१ मिमीचं पातं आत जात असेल तर फेसिंगशिवाय नवं गॅस्केट टाकू नका. एक अडचण मात्र सांगतो. छोटी गळती गार इंजिनात आयडलला दिसत नाही, फक्त लोडवर उघडते. म्हणून वारा आणि पाणी दोन्ही दुरुस्त करूनही घाटात तापली, तर बुडबुडे नाहीत एवढ्यावर गॅस्केटला निर्दोष धरू नका.

टर्बोचं थोडक्यात. जास्त डिझेल जळतं, जास्त ताकद येते, आणि तेवढी जास्त उष्णता पाण्यात जाते. जुन्या विनाटर्बो इंजिनासाठी ठेवलेला रेडिएटर त्याला काठावर पुरतो, कधी पुरत नाही. त्यात इंटरकूलर (टर्बोची गरम हवा गार करणारी जाळी) रेडिएटरच्या पुढे टांगला असेल तर वारा आधीच गरम होऊन येतो. घाटात काळा धूर निघत असेल तर डिझेल पंपाचं डिझेल वाढवलेलं असू शकतं, ते तपासून कमी करून घ्या. कोर भरताना जुन्याइतक्याच रांगांचा भरलाय का तेही विचारा.

बाटलीतून येणाऱ्या पाण्याला मात्र घाबरू नका, निदान पहिल्या झटक्यात. इंजिन बंद केलं की पंप थांबतो, पण तापलेलं लोखंड पाणी तापवतच राहतं. कॅपवर ०.९ लिहिलं असेल तर तेवढ्या बारच्या दाबाखाली साधं पाणी ११८ अंशांच्या आसपास उकळतं. कॅपची स्प्रिंग गेली असेल तर घाटमाथ्यावर ते शंभरच्याही आतच उकळतं. कॅप स्वस्त आहे, तीच आधी बदला. आणि तापल्यावर लगेच बंद करू नका. बेल्ट शाबूत असेल आणि पाणी गेलेलं नसेल तर न्यूट्रलला हलकी रेस देऊन पाच मिनिटं चालू ठेवा. बेल्ट तुटला असेल किंवा पाणीच नसेल तर मात्र ताबडतोब बंद. इंजिन गार होईपर्यंत कॅपला हात लावायचा नाही.

मी तुमच्या जागी असतो तर येत्या रविवारी कॅप, अर्थिंग आणि कागदाची परीक्षा उरकली असती, त्यात पाचशे रुपयेही जात नाहीत. गार इंजिनाची बुडबुड्यांची आणि होजची परीक्षा त्या आणि पुढच्या सकाळी. मग काऊल आणि थर्मोस्टॅट. ड्रेन प्लग त्याच दिवशी, कारण पाणी काढायचंच आहे. पाणी परत भरताना गाडीचं तोंड चढावर ठेवा आणि सावकाश भरा, नाहीतर हवा अडकते. तोवर पेट्या थोड्या कमी भरा आणि घाटात तिसऱ्या गियरला रेटू नका. दुसऱ्यालाच चढा, म्हणजे फॅन आणि पंप तरी जोरात फिरतील.

आरसी बुकावर नव्या इंजिनाचा नंबर चढवलाय ना? कायद्याने तो चढवावाच लागतो, आणि विम्याच्या वेळी त्यावरूनच अडतं.

सगळं करूनही काटा चढला तर मला तीन गोष्टी कळवा. घाटात थांबल्यावर वरच्या आणि खालच्या टाकीचं तापमान, कागद कोणत्या कोपऱ्यात पडला, आणि ड्रेन प्लगमधून काय निघालं. फॅनचा एक फोटो बाजूने काढून पाठवा, पातं आणि काऊलची कडा दोन्ही दिसतील असा.